वन्संचा पंप आणि रघुनाथरावांची हॉकी

आमच्या फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जिथं इतरांच्या घरी कोथिंबीर असते, तिथं रेझिनच्या दोन बाटल्या असतात. दोन्हींवर लाल पेनने हिंदीत ‘ज़हर’ लिहिलंय आणि त्याखाली मराठीत, ‘वहिनी, हात लावू नये.’ घरात माणसं तीन. मी, माझे यजमान जयंत आणि त्यांची बहीण. बाटल्या बहिणीनं ठेवल्यात, जयंत फ्रिज कधी उघडत नाहीत. म्हणजे सूचना कुणासाठी ते उघडच आहे, तरी नाव घालून लिहिलंच.

या बाटल्या बाहेर ठेवता येत नाहीत. झाशीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हे रेझिन उष्णतेनंच घट्ट होणारं. एका उन्हाळ्यात बाटली पडवीत राहिली आणि आतल्या आत थिजून काचेचा दगड झाला. त्या दिवशी जो आरडाओरडा झाला, त्यापेक्षा कोथिंबीर सुकलेली परवडली.

माझ्या या नणंदेचं नाव अलकनंदा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तरी लग्न होऊन मी खंडेराव गेटच्या या घरात आले त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं, तिला ‘वन्सं’ म्हणायचं. माझ्या माहेरी, सांगलीला, हा शब्द माझ्या आजीबरोबरच गेला होता. इथं दोनशे वर्षांपूर्वी कोकणातून आलेल्या घरात तो रोजच्या वापरात होता, आणि त्याच वाक्यात पुढे बेधडक हिंदी. आठवड्याभरात मीही बोलायला लागले, ‘वन्सं, तुमची बस निकल जाईल.’

बस कारखान्याची. शहराबाहेर ट्रान्सफॉर्मरचा सरकारी कारखाना आहे, तिथं वन्सं पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन लागल्या आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या. ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याची तार कागदात गुंडाळलेली असते. त्या कागदात ओल राहिली तर पुढे कधीतरी, कुठल्यातरी गावात, तो ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून ती वेटोळी भट्टीत तापवायची, भोवतालची हवा पंपानं ओढून घ्यायची, ओलीचा शेवटचा अंश निघाला की मगच तेल आत सोडायचं. या खात्यात वन्सं एकट्या बाई. सुरुवातीला पुरुष हसायचे. मग हसणं थांबलं, कारण वन्सं काटा जागेवर आल्याशिवाय कुणाला भट्टी उघडू देत नसत, साहेबालासुद्धा.

त्यामुळे त्यांना एक शब्द सहन होत नाही. ‘हो जाएगा.’ आता झाशीत राहायचं आणि ‘हो जाएगा’ ऐकायचं नाही हे कसं जमणार? प्लंबर म्हणतो, दूधवाला म्हणतो, माझे यजमान तर बँकेत तीस वर्षं तेच म्हणत होते. वन्संचं लग्न त्यावरूनच मोडलं. ग्वाल्हेरचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाला मोठ्या कंपनीत नोकरी ‘बस, लगने ही वाली’ होती. वन्संनी विचारलं, “कोणत्या तारखेला?” मुलाकडचे चहा न घेता उठले. सासूबाई ते मरेपर्यंत बोलून दाखवत. वन्सं म्हणत, “तारीखच विचारली होती ना मी!”

निवृत्त झाल्यावर महिन्याभरात मागच्या पडवीत एक छोटा लेथ आला. लाकूड कातून वाट्या, लाटणी, छत्र्यांच्या मुठी करायच्या असा बेत होता. पण इकडे सहज मिळणारं लाकूड म्हणजे पळस, सालई, नाहीतर पावसात पडलेला आंबा. भुसभुशीत, नाहीतर भुंग्यानं पोखरलेलं. लेथवर चढवलं की चुरा उडायचा. वन्सं चिडून चिडून मोबाइलवर शोधत बसायच्या. एके दुपारी पडवीतून अशी आरोळी आली की मी कढईवरचा झारा टाकून धावले.

“वहिनी! हे तर मी सगळा जन्म केलंय!”

मोबाइलवर कुणीतरी लाकूड पक्कं करून दाखवत होता. पद्धत ऐकायला सोपी आहे. लाकूड मंद भट्टीत इतकं वाळवायचं की वजन घटायचं थांबलं पाहिजे. मग ते रेझिनमध्ये बुडवून झाकण लावायचं आणि पंपानं हवा ओढायची. लाकडातली हवा बुडबुडे होऊन निघते. बुडबुडे थांबले की हवा परत सोडायची, म्हणजे रिकाम्या झालेल्या लाकडात रेझिन शिरतं. तसंच भिजत ठेवायचं. शेवटी चांदीच्या कागदात गुंडाळून नव्वद-पंचाण्णव अंशांवर भाजायचं. आतलं रेझिन दगडासारखं होतं आणि कुजकं लाकूड शिसवीला लाजवील असं कातलं जातं.

निशांत नावाच्या एसी दुरुस्तीवाल्याकडून जुना पंप आला. बाकीचं सामान माझं. चकलीची भाजणी मावणारं माझं स्टीलचं मोठं तपेलं गेलं. केकचा ओव्हन गेला. “एकदा रेझिन भाजलं की त्यात खायचं काही करायचं नाही,” असं मला सांगण्यात आलं, ओव्हन गेल्यानंतर.

हे सगळं मी सोसलं. गेल्या वर्षीच्या हॉकीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी.

जूनमध्ये सुबोध चांदोरकर आला. सिविल लाइंसमधल्या रघुनाथरावांचा हा मुलगा, नोकरीला गुरगावला. रघुनाथराव तरुणपणी रेल्वेकडून हॉकी खेळायचे. ऐंशी उलटली, पाठ ताठ. सुबोधनं बगलेतला टॉवेल आमच्या जेवणाच्या टेबलावर उलगडला. आत एक जुनी हॉकी. स्टिक वगैरे झाशीत कुणी म्हणत नाही, काठीलाही हॉकीच म्हणतात. सगळीकडे भोकं पडलेली. त्यानं ती जरा आपटली तर टेबलावर पिवळं पीठ सांडलं.

“अलकाताई, एकदम सीक्रेट आहे हां. बाबा याच हॉकीने अडुसष्टची फायनल खेळले. आणि ही गच्चीच्या दारामागे सडत पडली होती! कुणाला कदरच नाही.”

श्रावणात रघुनाथरावांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. तोवर हॉकी पक्की करून, चमकवून, काचेच्या पेटीत घालून सगळ्यांसमोर द्यायची असा त्याचा विचार. हातात सात आठवडे.

वन्संनी हॉकीचा वास घेतला, नखानं टोकरलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितलं.

“आठ आठवडे.”

“पण व्हिडिओत तर दोन दिवसांत—”

“मग व्हिडिओवाल्याला द्या.”

“ताई, हो जाएगा ना...”

मी डोळे मिटले. पण वन्सं नुसत्या हॉकीकडे बघत राहिल्या. पन्नास वर्षांचं तुतीचं लाकूड असं कुठं हाताशी लागतं? त्यांनी एवढंच विचारलं, “काकांना माहीत आहे?”

“सरप्राइज है ना!”

दुसऱ्या दिवशी भोपाळहून त्याची बहीण सलोनी हिचा फोन. “ताई, दादाचं ऐकू नका. शोकेस धूळ खात पडणार. त्यापेक्षा पाच नातवंडांना पाच पेनं करून द्या त्या लाकडाची. बाबांना किती आवडेल!”

“तुमचा भाऊ अख्खी हॉकी मागतोय.”

“मग थोडी अख्खी ठेवा, थोडी पेनं. नाही का होणार?”

वन्संनी फोन माझ्या हातात दिला. “वहिनी, हिला सांगा, लाकूड एकदाच कापता येतं.”

तीन आठवडे हेच चाललं. सुबोधचा फोन आला की पेनं रद्द, सलोनीचा आला की शोकेस रद्द. मग दोघांनी मिळून एक ग्रुप काढला आणि त्यात वन्संना घातलं. तिथं रोज काचेच्या पेट्यांचे फोटो पडायचे आणि खाली पेनांचे. वन्सं उत्तर द्यायच्या, ‘आज वजन ३१२ ग्रॅम. काल ३१५.’ त्यावर दोघं अंगठा दाखवायचे.

काम मात्र सरळ चालेना. हॉकीची मूठ वेताची असते. खालच्या तुतीच्या लाकडात ती पाचरीसारखी सरसानं बसवलेली असते आणि वेतात रबराच्या पट्ट्या असतात. भट्टीत हे टिकलं नसतं. वन्संनी दोघांना विचारलं, मूठ सोडवू का? सुबोध म्हणाला, “जैसा आपको ठीक लगे.” म्हणून अख्खा दिवस ओल्या गरम फडक्यांनी शेकून त्यांनी सांधा अलगद सोडवला, मूठ वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात ठेवली आणि ग्रुपवर कळवलं. लगेच सलोनीचा फोन, रडवेला. “तोडलीत?”

“सोडवली!” वन्सं ओरडल्या. “तोडली आणि सोडवली यात फरक असतो!”

खालचा भागच दोन फुटांहून लांब. माझ्या तपेल्यात मावेना, ओव्हनमध्येही मावेना. वाळवायला वन्संनी पत्र्याच्या पेटीत हीटर बसवला. बुडवायला सीपरी बाजारातल्या वेल्डरकडून लोखंडी पाइप बनवून घेतला. तो गळका निघाला. पंप लावला की काटा चढायचा आणि हळूहळू उतरायचा. तीनदा पाइप घेऊन त्या परत गेल्या. वेल्डर दर वेळी म्हणे, “हओ जिज्जी, अब नईं लीक करहै.” चौथ्या वेळी वन्संनी साबणाचं पाणी बरोबर नेलं, त्याच्यासमोर सांध्यावर ओतलं, फुगे दाखवले आणि तो टाके मारून उठेपर्यंत दुकानात स्टुलावर बसून राहिल्या.

अखेर जुलैच्या शेवटी लाकडाचं वजन घटायचं थांबलं. लाकूड रेझिनमध्ये गेलं, पंप सुरू झाला. त्याच्या घरघरीत मला टीव्हीवरच्या बातम्याही ऐकू येईनात. आणि त्याच दिवशी दुपारी वीज गेली. ती आली तेव्हा एवढ्या जोरात आली की पेटीतला हीटर, हॉलमधला पंखा आणि माझा मिक्सर, तिघंही एकदम गेले. पंप तेवढा वाचला. हीटरची तार कानपूरहून यायची, दहा दिवस लागणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दार वाजलं. बाहेर रघुनाथराव. इस्त्रीचा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चेहरा असा की मी नमस्कारही विसरले.

“माझी हॉकी कुठे आहे?”

महिना-दीड महिना ते हॉकी शोधत होते. कामाला येणाऱ्या राधाबाईंवर त्यांनी आळ घेतला, त्या रागावून चार दिवस आल्या नाहीत. आदल्या रात्री फोनवर नातीच्या, शमिकाच्या, तोंडून निघून गेलं, आजोबा तुमची हॉकी खंडेराव गेटला आहे.

“काका, ती गच्चीच्या दारामागे सडत पडली होती म्हणे,” वन्सं म्हणाल्या.

“सडत? रोज वापरतो मी ती! माकडं येतात गच्चीवर. ती हातात नाही म्हणून माझे सगळे टोमॅटो गेले. पापड गेले. परवा एक माझा चष्मा घेऊन टाकीवर बसलं होतं.”

“सुबोध काचेच्या पेटीत ठेवणार होता, तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला.”

“मलाच ठेवा म्हणावं पेटीत. परत द्या.”

“देता येत नाही. पाइपमध्ये आहे. बुडबुडे चालू आहेत, मध्येच काढलं तर सगळं फुकट.”

“किती वेळ?”

वन्संनी सांगितलं. आज दिवसभर पंप, मग दोन दिवस भिजत, मग हीटर येईल तेव्हा भट्टी.

“मी थांबतो,” म्हणत रघुनाथरावांनी पडवीतली खुर्ची पंपाशेजारी ओढली.

त्या दिवशी ते जेवायच्या वेळेला गेले आणि दुसऱ्या दिवशी दहाला परत आले. तिसऱ्या दिवशीही. दोन चहा, एक पोह्यांची बशी, आणि दर दहा मिनिटांनी, “अजून किती?” वन्सं दात आवळून सांगायच्या. ऐकून ते मान हलवायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचे. वन्संना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसारखंच माणूस भेटलं होतं आणि त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी सहज म्हटलं, “तरी बरं, अडुसष्टच्या फायनलची हॉकी जपली जाईल.”

रघुनाथरावांनी कप खाली ठेवला. “ती ही नव्हे.”

“म्हणजे?”

“ती फायनलमध्येच मोडली. आईनं तुकडे बंबात घातले. ही मी पंच्याहत्तर साली घेतली, ऑफिसच्या सामन्यांसाठी. सुबोध शाळेत असताना त्यानं वर्गात नेऊन सांगितलं, हीच ती. मास्तरांनी टाळ्या वाजवून घेतल्या. घरी आला तो उड्या मारत. मग काय सांगायचं?”

वन्संनी हातातला पाना खाली ठेवला. “म्हणजे इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत आणि मी इथं दीड महिना...” त्या आत गेल्या आणि फ्रिजचं दार दणकन आपटलं.

आता खरं म्हणजे घाई कशाची होती? लाकूड रेझिनमध्ये निवांत राहिलं असतं. आठवड्याभरात तार आली असती, वन्संनी आपल्या हातानं, आपल्या पेटीत भाजलं असतं. पण समारंभ सहा दिवसांवर आला होता. ग्रुपवर सुबोध दिवसातून चारदा विचारत होता आणि रघुनाथराव तर साक्षात पडवीत बसलेले. वन्सं वैतागल्या होत्या, थकल्याही होत्या. बाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एक पावडर कोटिंगवाला आहे, लोखंडी ग्रिलवर रंग भाजणारा. त्याची भट्टी माणूस उभा राहील एवढी. वन्संनी त्याला फोन केला. मी विचारलं, “त्याची भट्टी फार तापते ना?”

“पंचाण्णववर लावायला सांगीन,” त्या म्हणाल्या. “हो जाईल.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. मालकाला त्यांनी दोनदा समजावलं, पंचाण्णव, एक अंश वर नाही. लाकूड चांदीच्या कागदात गुंडाळून आत ठेवलं आणि त्या काट्यासमोर उभ्या राहिल्या. तासभर सगळं नीट. मग सुबोधचा फोन आला. आत आवाज येईना म्हणून त्या शेडबाहेर गेल्या. तो विचारत होता, पितळी पाटीवर नाव मराठीत लिहू की हिंदीत? दहा मिनिटं हेच. तेवढ्यात मालकाकडे घाईचं ग्रिल आलं. एवढ्याशा लाकडासाठी भट्टी का अडवायची, म्हणून त्यानं तेही आत सरकवलं आणि काटा एकशे ऐंशीवर नेला. वन्सं परतल्या तेव्हा दाराच्या फटीतून धूर येत होता.

“हो गया जिज्जी, जल्दी हो गया,” तो म्हणाला.

वन्संनी त्याला काय म्हटलं ते मला सांगितलं नाही. घरी आल्या तेव्हा पिशवी हातात होती. रघुनाथराव खुर्चीवरच होते. मला वाटलं होतं आता आकाशपाताळ एक होणार. पण वन्सं त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या आणि पिशवीतून लाकूड काढलं. उभी चीर गेलेली, वाकलेला भाग काळा ठिक्कर, कागद जागोजागी चिकटलेला.

“काका, जळली. चूक माझी. भट्टी सोडून मी कधी गेले नव्हते, आज गेले. फोन आला म्हणून.”

त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. जयंत आतून बाहेर आले, दारात उभे राहिले आणि परत आत गेले.

रघुनाथरावांनी लाकूड हातात घेतलं, उलटंपालटं केलं, बोटाला लागलेली काजळी रुमालाला पुसली. मग विचारलं, “मूठ?”

“अं?”

“मूठ कुठे आहे?”

वन्संनी फडताळातून वर्तमानपत्राचं भेंडोळं आणलं. रघुनाथरावांनी कागद सोडला. मुठीवरची जुनी पट्टी काळी पडलेली, बोटांच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. त्यांनी दोन्ही हातांनी ती धरली. हात आपोआप जागच्या जागी बसले.

“हां. हीच पाहिजे होती. खाली काही का लावा. झाडूचं दांडकं लावा.”

वन्सं त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही पाइपचंच सांगत होतात.”

“तुम्ही हॉकी, हॉकी करत होतात! मूठ म्हणाला नाहीत!”

“हॉकी म्हणजे मूठच की! बाकीचं बॉलसाठी असतं!”

दोघं मोठमोठ्यानं भांडायला लागले. मला हायसं वाटलं. मी चहा टाकला.

पडवीच्या माळ्यावर शीशमचं एक लांब दांडकं चार वर्षं पडून होतं, खडखडीत वाळलेलं. वन्संनी ते दोन दिवसांत लेथवर कातलं, एका टोकाला खाच काढली, मुठीची पाचर तीत बसवली आणि वरून सुतळी गुंडाळली. ना रेझिन, ना पंप, ना भट्टी. गुंडाळताना सारखं पुटपुटणं चालू होतं, “दीड महिना! आणि उपयोगी आलं ते साधं दांडकं!” जळक्या लाकडातला वीतभर भाग मात्र आतून ठणठणीत निघाला. त्याची तीन पेनं झाली. भुंग्यानं पाडलेल्या वाटा नक्षीसारख्या दिसत होत्या. वन्संनी आजवर केलेल्या सगळ्या वस्तूंत तीच सर्वांत सुंदर होती, हे कबूल करायला पाहिजे. नातवंडं पाच होती, हेही खरं. सलोनीनं ते बोलून दाखवलंच.

समारंभ रघुनाथरावांच्या गच्चीवर मांडव घालून झाला. सुबोधला वन्संनी आदल्या दिवशीच लाकूड जळल्याचं सांगितलं होतं, स्वतःची चूकही; अडुसष्टचं तेवढं काकांवर सोडलं होतं. ओवाळणी झाल्यावर त्यानं माइक घेऊन बाबांच्या अडुसष्टच्या हॉकीबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा रघुनाथरावांनी पाटावरूनच हात वर केला.

“सुबोध, ती हॉकी बंबात गेली होती. त्या पाण्यानं मी आंघोळ केली.”

लोक हसले. सुबोध हसला नाही. त्यानं माइक खाली केला. “मग शाळेत का नाही सांगितलंत?”

“तू खूश होतास रे.”

तो माइक बाजूला ठेवून वडिलांजवळ जाऊन बसला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, कारण त्याच क्षणी मांडवाच्या कनातीवर दोन माकडं उतरली आणि एकानं केळ्यांचा घड ओढला. गुरुजी मंत्र म्हणत होते. रघुनाथराव उठले, भिंतीला टेकवलेली नवी काठी उचलली आणि धोतर सावरत असे धावले की सुनेनं किंकाळी फोडली. काठी फरशीवर आपटल्याचा खणखणीत आवाज आला. माकडं गेली. वन्सं माझ्या कानात म्हणाल्या, “सांधा टिकला.”

त्यानंतर रघुनाथरावांचं आमच्याकडे येणं सुटेल असं मला वाटलं होतं. सुटलं नाही. दर बुधवारी येतात, दोन चहा घेतात आणि वन्संचं काम कसं चुकतंय ते सांगतात. वन्सं त्यांना लेथला हात लावू देत नाहीत, यावरून दर वेळी वाद. पावडर कोटिंगवाल्याकडे वन्सं परत गेल्या नाहीत. पत्र्याच्या पेटीत नवी तार बसली आहे आणि ती चालू असताना वन्संचा फोन बंद असतो. त्यांना कुणाचा निरोप असेल तर तो मला घ्यावा लागतो.

गेल्या बुधवारी रघुनाथराव रिक्षातून उतरले ते खांद्यावर लाकडाचा ओंडका घेऊन. त्यांच्या अंगणातला शेवगा वादळात पडला होता. ओंडक्यातून अजून पाणी गळत होतं, माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

“याचा पानाचा डबा करून द्या,” ते म्हणाले. “तुमच्या त्या पंपात घालून. रविवारपर्यंत होईल ना?”

वन्संनी ओंडक्यावर बोट दाबलं. बोट ओलं झालं. त्यांनी डोळे मिटले, तीनदा श्वास घेतला.

“नुसतं वाळायला एक वर्ष लागेल.”

“एक वर्ष? मी ब्याऐंशीचा आहे!”

“मग त्र्याऐंशीव्या वर्षी या,” वन्सं म्हणाल्या, आणि खडूनं त्या ओल्या लाकडावर तारीख लिहायला लागल्या. खडू उमटेना.